सायकलसाठी नळीचे कॅरिअर : घरी करता येणारे पितळी झाळकाम

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते. त्या दिवसांत आमच्या भागातील बहुतेक सायकलींवर माणसापेक्षा पाण्याच्या कॅनच अधिक दिसत, आणि त्याच ओझ्याखाली माझ्या सायकलचे बाजारातून आणलेले कॅरिअर डाव्या पायापाशी तुटले. ते भरीव सळईचे आणि आर्क वेल्डिंगने जोडलेले होते. दोनदा मी ते पुन्हा वेल्डिंग करून घेतले आणि दोन्ही वेळा ते जुन्या जोडाच्या अगदी शेजारी, बोटभर अंतरावर तुटले. त्यानंतर पोलादी नळी आणून पितळी झाळकामाने मी स्वतः कॅरिअर बनवले. पहिले फसले, दुसरे आजही वापरात आहे. त्या दुसऱ्या कॅरिअरची कृती येथे सविस्तर देत आहे.

झाळकामात, म्हणजे ब्रेझिंगमध्ये, मूळ धातू वितळत नाही. साधे पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर साठ टक्के तांबे आणि चाळीस टक्के जस्त असलेले पितळ सुमारे ९०० अंशांलाच पातळ होते. त्यामुळे नळी लालभडक पण घट्ट असतानाच पितळ पाण्यासारखे होऊन तिच्या पृष्ठभागावर पसरते, केशाकर्षणाने फटीत शिरते आणि थंड झाल्यावर पोलादाला घट्ट धरून ठेवते. एक मिलिमीटर जाडीच्या नळीला आर्क वेल्डिंगने जोडताना हात जरा थांबला तरी भोक पडते. झाळकामात तो धोका फारसा राहत नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींच्या फ्रेममध्ये नळ्या ज्या नक्षीदार बाह्यांत बसवलेल्या दिसतात, ते सांधेही याच रीतीने पितळेने झाळलेले असतात. दोन-दोन पोती वाहून चाळीस वर्षे टिकलेल्या सायकली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, म्हणून या पद्धतीच्या ताकदीविषयी वेगळी खात्री देण्याची गरज मला वाटत नाही.

नळी का, सळई का नाही

दहा मिलिमीटरची भरीव सळई मीटरला सुमारे ६१७ ग्रॅम भरते. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागण्याचे जे सूत्र गवंडी आणि ठेकेदार स्लॅबच्या गजांसाठी वापरतात, त्यातूनच हा आकडा येतो. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. व्यासाची आणि १ मि.मी. जाडीची नळी मात्र मीटरला सुमारे २९० ग्रॅमच भरते, आणि वाकण्याला होणारा तिचा विरोध त्या सळईपेक्षा सव्वा पटीहून थोडा अधिक असतो. कारण साधे आहे. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो आणि मधला भाग जवळजवळ नुसते वजन वाहतो. ज्वारीच्या धाटापेक्षा बांबू का वाकत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे गणित वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

फर्निचरसाठी वापरली जाणारी काळी गोल नळी जालना, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या लोखंड बाजारात सहज मिळते. ती सहसा ६ मीटर लांबीची असते. आपल्याला साडेतीन मीटरच्या आतच नळी लागणार असली तरी पूर्ण नग घ्यावा, कारण उरलेली नळी सरावाला लागते आणि सरावाशिवाय या कामाला हात घालू नये. शेतात पडून असलेली जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी मात्र या कामासाठी अजिबात वापरू नये. जस्त ९०७ अंशांला उकळते, झाळकाम त्याच्या आसपासच्या तापमानावर होते आणि उठणारा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. मुलामा घासून काढता येतो असे अनेक जण सांगतात. पण नळीच्या आतला मुलामा कोणालाच घासता येत नाही.

मापे आणि रचना

मी दिलेली मापे २८ इंची रोडस्टरची आहेत. तिच्या मागच्या चाकाची टायरसह त्रिज्या साधारण ३५७ मि.मी. भरते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा विचार येथेच करावा लागतो. पावसाळ्यात ती माती टायरला चिकटून मडगार्डखाली थर धरते आणि चाक जागीच अडते, म्हणून टायर आणि मडगार्ड यांत निदान दोन बोटे मोकळी असावीत आणि कॅरिअरने मडगार्डला खाली दाबू नये. हे सर्व धरून मी आसाच्या मध्यापासून कॅरिअरच्या पृष्ठापर्यंतची उंची ४१० मि.मी. ठेवली. दुसऱ्या सायकलसाठी आपल्या चाकाची त्रिज्या मोजून तीत ५० ते ५५ मि.मी. मिळवावेत.

वरचे पृष्ठ एकाच नळीला उलट्या ‘यू’ आकारात वाकवून करावे. दोन बाजूंच्या नळ्यांतील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ११८ मि.मी., लांबी सुमारे ३७५ मि.मी. आणि मागच्या दोन कोपऱ्यांच्या वळणांची त्रिज्या ४० मि.मी. ठेवल्यास या तुकड्याची सरळ लांबी सुमारे ८३४ मि.मी. येते. कापताना ती ८५० ठेवावी आणि वाकवून झाल्यावर पुढची दोन्ही टोके बरोबर करून घ्यावीत. या चौकटीत तीन आडव्या नळ्या बसतात. प्रत्येक बाजूला दोन पाय येतात. पुढचा पाय आसाच्या ६० मि.मी. पुढे आणि मागचा पाय आसाच्या १८० मि.मी. मागे चौकटीला मिळतो, त्यामुळे बाजूने पाहिल्यास त्रिकोण तयार होतो आणि ब्रेक लावताना ओझे पुढे-मागे झुलत नाही. त्रिकोणाशिवाय केलेले कॅरिअर कितीही जाड नळीचे असले तरी सहा महिन्यांत सैल होते, असे माझे ठाम मत आहे.

कडेने होणारे डोलणे थांबवणे अधिक अवघड असते, कारण दोन पायांच्या मध्ये चाक फिरत असल्याने तेथे तिरकी नळी घालता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. मागच्या दोन पायांच्या मध्ये, पृष्ठाच्या ५० मि.मी. खाली, एक आडवी नळी घालावी. ती मडगार्डला टेकत नाही हे आधी सुतळी ताणून पाहावे. दुसरा उपाय म्हणजे चौकटीच्या पुढच्या टोकांपासून सीटखालच्या तिरक्या नळ्यांपर्यंत जाणारे दोन आधार एकमेकांच्या जवळ न आणता दोन बाजूंना स्वतंत्र बांधावेत.

हे सर्व चित्र कागदावर लहान न काढता घराच्या फरशीवर खडूने खऱ्या मापात काढावे. पायांची लांबी सूत्राने काढण्यापेक्षा या चित्रावर नळी ठेवून खूण करणे अधिक भरवशाचे ठरते.

पाय जेथे आसाला मिळतात ती जागा सर्वांत महत्त्वाची आहे. बाजारातील कॅरिअरमध्ये सळई ठोकून चपटी करतात आणि तिलाच भोक पाडतात. माझ्या पहिल्या कॅरिअरमध्ये मीही नळीचे टोक तसेच चपटे केले होते आणि जेथे गोल नळी एकदम चपटी होते, तेथेच ते तिसऱ्या महिन्यात चिरले. दुसऱ्या वेळी मी ३ मि.मी. जाडीच्या पत्र्याचा, सुमारे ४५ मि.मी. रुंद आणि ७० मि.मी. उंच असा तुकडा प्रत्येक बाजूला घेतला, दोन्ही पायांच्या टोकांना हॅकसॉने २० मि.मी. खोल चीर पाडली आणि तो पत्रा त्या चिरांत बसवून झाळला. हॅकसॉचे एक पाते जेमतेम एक मिलिमीटरची चीर पाडते, म्हणून दोन कापांमध्ये उरलेला भाग चपट्या कानशीने काढावा लागतो. पत्र्याला आसाचे भोक आपल्या सायकलच्या आसाप्रमाणे पाडावे आणि आसाचे आटे पुरेसे बाहेर येतात की नाही हे त्याच वेळी पाहावे. ३ मि.मी. जाडी वाढल्यानंतरही नट पूर्ण बसला पाहिजे. अर्ध्या आट्यांवर धरलेला नट चालणार नाही.

वाकवणे आणि खाच घालणे

नळी रिकामी वाकवली तर वळणावर चपटी होते. तिच्यात बारीक चाळलेली वाळू ठोकून-ठोकून भरावी आणि दोन्ही टोकांना लाकडी गुट्ट्या घट्ट बसवाव्यात. वाळू नदीची चालेल, परंतु ती आधी लोखंडी कढईत भाजून पूर्ण कोरडी करणे अत्यंत आवश्यक आहे. ओलसर वाळू बंद नळीत तापली की वाफ होते आणि गुट्टी गोळीसारखी उडते. मे महिन्यातल्या उन्हात वाळवलेली वाळूही मी भाजूनच घेतो. वळणाची जागा लाल करून, जाड लाकडी चकतीच्या किंवा ८० मि.मी.पेक्षा थोड्या कमी व्यासाच्या पाइपच्या तुकड्याभोवती नळी एकाच संथ ओढीत वाकवावी. नळीला आतून-बाहेरून दिसणारी जोडाची रेघ वळणाच्या बाहेर किंवा आत न ठेवता बाजूला ठेवली, तर ती उकलत नाही. पहिले वळण झाल्यावर खडूच्या चित्रावर ठेवून पाहावे आणि मगच दुसरे करावे. गुण्याने (काटकोन पाहण्याच्या पट्टीने) दोन्ही कोपरे तपासावेत.

आडव्या नळीचे टोक दुसऱ्या नळीला नुसते टेकवून चालत नाही. तिला माशाच्या तोंडासारखी गोल खाच घालावी लागते, म्हणजे ती दुसऱ्या नळीला खोगिरासारखी बसते. दोन्ही नळ्या एकाच व्यासाच्या असतील तर एक सोय होते. खाचेच्या टोकांपासून टोकांपर्यंतची लांबी ही दोन नळ्यांच्या मध्यांतील अंतराएवढीच, म्हणजे येथे ११८ मि.मी., येते. त्यामुळे तुकडा त्या लांबीचा सरळ कापावा आणि मधला भाग गोल कानशीने काढत जावा. दोन्ही बाजूंची टोके जागेवर राहिली की माप आपोआप बरोबर येते. खाच घालून झाल्यावर तुकडा जागेवर धरून पलीकडे उजेड ठेवावा. नखाच्या जाडीएवढी फट दिसली तर कानस पुन्हा हातात घ्यावी. पितळ मोठी फट भरून काढते हे खरे आहे, परंतु पातळ थर नळीला जितका घट्ट धरतो तितका जाड थर धरत नाही. या कामाचा निम्म्याहून अधिक वेळ कानशीत जातो आणि तो तसाच गेला पाहिजे.

खाच बसणाऱ्या जागी मुख्य नळीला २ मि.मी.चे भोक पाडायला विसरू नये. सर्व बाजूंनी बंद झालेल्या नळीतील हवा तापल्यावर फुगते आणि शेवटच्या सांध्यातून पितळाला फुंकर मारून बाहेर ढकलते. तेथे कितीही पितळ ओतले तरी सुईएवढे छिद्र राहतेच. आडव्या नळीची हवा या झाकलेल्या भोकातून चौकटीत आणि चौकटीच्या उघड्या टोकांतून बाहेर जाते. पायांना तळाशी, पत्र्याच्या वर, असेच भोक पाडावे. पावसाचे पाणी पुढे त्यातूनच निथळते.

पितळ, टाकणखार आणि ज्योत

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात पितळेचा झाळरॉड मिळतो, २.४ मि.मी. व्यासाचा या नळीला योग्य पडतो. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारे कारागीर जे तांबूस चपटे रॉड वापरतात, ते मात्र घेऊ नयेत. त्यांत फॉस्फरस असतो. तांब्यावर ते उत्तम चालतात, परंतु पोलादावर फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावून ठिसूळ थर तयार करतो. असा सांधा दिसायला सुंदर होतो आणि पहिल्या खड्ड्यात काचेसारखा तुटतो. चांदीमिश्रित रॉड सुमारे ६५० ते ७०० अंशांला वितळतो, नळीला कमी तापवतो आणि फार सुबक सांधा देतो; पण त्याला अगदी बारीक फट लागते आणि तो महागही असतो. जुन्या साठ्यातील चांदीच्या काही रॉडांत कॅडमियम असते आणि त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो, म्हणून पाकिटावर कॅडमियमरहित असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो रॉड घरात आणू नये.

पोलाद तापले की त्यावर काळी पापुद्री येते आणि पितळ तिला चिकटत नाही. ही पापुद्री विरघळवण्याचे काम टाकणखार करतो. सोनाराच्या दुकानात ज्याला सवागी म्हणतात तोच हा पदार्थ. कच्चा टाकणखार तापवला की त्यातले पाणी निघताना तो फसफसून सांध्यावरून उडून जातो, म्हणून आधी जुन्या लोखंडी तव्यावर त्याची लाही करून घ्यावी, ती खलात कुटावी आणि थोड्या पाण्यात कालवून दह्याएवढा दाट लेप करावा. हा तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. तयार फ्लक्स विकत मिळाला तर तोही चांगलाच. दोन्हींत मला कामाचा फरक फारसा जाणवलेला नाही.

ज्योतीसाठी ऑक्सिजन आणि ॲसिटिलिन असेल तर काम झपाट्याने होते. ऑक्सिजन आणि एलपीजी ही जोडीही पितळी झाळकामाला पुरते. भंगार कापणाऱ्या कारागिरांकडे बहुधा तीच असते. नुसत्या एलपीजीच्या हातबत्तीने दोन नळ्यांचा सांधा एकवेळ तापेल, पण ३ मि.मी.चा पत्रा ९०० अंशांपर्यंत नेताना ती दमते. ज्यांच्याकडे सिलिंडर नाहीत त्यांनी ते विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. गावातील गॅस वेल्डिंगच्या दुकानात खाचा घालून, साफ करून आणि बांधून तयार केलेले काम घेऊन जावे आणि कारागिराच्या देखरेखीखाली झाळावे. ज्याने ज्योत कधीच हातात धरलेली नाही त्याने पहिले दहा सांधे अनुभवी माणसाशेजारी उभे राहूनच करावेत.

सुरक्षेच्या काही गोष्टींत तडजोड चालत नाही. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला किंवा आपल्या हातांना तेल-ग्रीस लागलेले नसावे, कारण दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन तेलाला ठिणगीशिवायही पेटवू शकतो. ॲसिटिलिनचे सिलिंडर नेहमी उभेच असावे आणि बाहेर येणारा दाब एक बारच्या वर नेऊ नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून तळघर किंवा खळगा टाळावा. सिलिंडर उन्हात ठेवू नयेत. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ अंशांवर जातो. कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून दूर काम करावे, शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले ठेवावे. सुती कपडे, बंद बूट, गॅस वेल्डिंगचा गडद चष्मा आणि खेळती हवा या चार गोष्टी नसतील तर ज्योत पेटवू नये. फरशीवर किंवा काँक्रीटवर काम ठेवूनही झाळू नये, कारण तापलेल्या काँक्रीटच्या कपच्या उडतात. अग्निरोधक विटांचा थर घ्यावा.

सांधा झाळताना

नळीवरचा गंज, तेल आणि कारखान्यातून आलेला काळा थर सांध्यापासून दोन सेंटिमीटरपर्यंत एमरी कागदाने घासून चकाकी येईपर्यंत काढावा. त्यानंतर तेथे बोट लावू नये. घामाचे बोटसुद्धा पितळाला अडवते. लेप लावावा आणि तुकडे बांधकामाच्या बाइंडिंग वायरने जागेवर आवळावेत. ही तार मऊ असते, ज्योतीत टिकते आणि नंतर पक्कडीने सोडवता येते.

भर उन्हात तापलेल्या धातूचा रंग दिसत नाही, आणि या कामात रंग हेच तापमानाचे माप आहे. म्हणून छपराखाली, मंद उजेडात, पण वारा एका बाजूने खेळत राहील अशा जागी बसावे. सकाळची वेळ सर्वांत चांगली. ज्योत समतोल किंवा किंचित ऑक्सिजनकडे झुकलेली ठेवावी. त्यामुळे पितळातील जस्त कमी उडते. प्रथम सांध्याच्या दोन्ही बाजूंनी ज्योत फिरवत राहावे. लेपातले पाणी उडते, तो पांढरा फुगतो, मग बसतो आणि शेवटी पातळ काचेसारखा होऊन नळीवर पसरतो. तो पूर्ण पातळ झाला आणि नळी चेरीच्या लालीपलीकडे जाऊन नारिंगीकडे झुकू लागली की रॉडचे टोक सांध्याला टेकवावे. येथे नवशिक्यांची एक चूक हमखास होते आणि माझीही झाली. रॉड ज्योतीत धरून वितळवला तर पितळाचे थेंब थंड नळीवर पारा पडावा तसे मणी होऊन बसतात आणि थंड झाल्यावर नखाने निघतात. रॉड ज्योतीने वितळता कामा नये, तापलेल्या नळीने वितळला पाहिजे. नळी पुरेशी तापली असेल तर रॉड टेकताच पितळ आपणहून पसरते आणि जिकडे उष्णता अधिक तिकडे धावते. म्हणून सांध्याच्या एका बाजूला रॉड लावावा आणि पितळ ज्योतीने दुसऱ्या बाजूला ओढून न्यावे.

पत्रा आणि नळी जोडताना ज्योत बहुतेक वेळ पत्र्यावरच ठेवावी. पातळ नळी क्षणात लाल होते आणि जाड पत्रा मागे राहतो. दोन्ही एकाच रंगावर येईपर्यंत रॉड जवळ आणू नये. पांढरा धूर आणि पांढरी पूड दिसू लागली तर तापमान जास्त झाले असे समजून ज्योत लगेच दूर न्यावी. सांध्याच्या कोनात पितळाची चार-पाच मिलिमीटरची गोलाई तयार झाली की थांबावे. त्याहून अधिक पितळ म्हणजे नुसते वजन. लाली पूर्ण जाईपर्यंत काम हलवू नये आणि त्यावर पाणीही ओतू नये, कारण गरम पितळ या अवस्थेत ठिसूळ असते आणि हलक्या धक्क्यानेही चिरते.

खऱ्या कामाला हात घालण्यापूर्वी उरलेल्या नळीचे सहा-सात सांधे करावेत आणि ते व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडून पाहावेत. नळी वाकली किंवा फाटली आणि सांधा तसाच राहिला तर हात बसला. पितळ सोलून निघाले आणि खाली राखाडी, स्वच्छ पोलाद दिसले, तर ते कधी चिकटलेलेच नव्हते. घासण्यात किंवा तापवण्यात कमी पडले.

जोडण्याचा क्रम

पहिल्यांदा चौकट विटांवर सपाट ठेवून तीन आडव्या नळ्या झाळाव्यात. मधली आधी, मग पुढची, मग मागची, असा क्रम ठेवल्यास चौकट कमी पिळवटते. त्यानंतर प्रत्येक बाजूचे दोन पाय आणि पत्रा खडूच्या चित्रावर मांडून बांधून घ्यावेत आणि विटांवर नेऊन झाळावेत. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून जुळतात का ते पाहावे. मग चौकट आणि पाय सायकलवर चढवून, तारेने बांधून, मागे उभे राहून नजर लावावी. चौकटीचा मध्य चाकाच्या रेषेत आहे, उजवीकडे साखळी आणि फ्रीव्हील पत्र्याला घासत नाहीत, पायडल मारताना टाच कॅरिअरच्या पायाला लागत नाही, हे सर्व याच वेळी पाहायचे असते. खुणा करून सांगाडा उतरवावा आणि पायांचे वरचे चार सांधे सायकलपासून दूर झाळावेत. सायकलवर ठेवूनच झाळण्याचा मोह टाळावा, कारण टायर, बेअरिंगचे ग्रीस आणि फ्रेमचा रंग यांपैकी काहीतरी हमखास जळते. शेजारचा झालेला सांधा पुन्हा वितळू नये म्हणून त्यावर ओल्या गोणपाटाची पट्टी गुंडाळावी. मागची आडवी नळी आणि पुढचे दोन आधार शेवटी येतात. या आधारांच्या टोकांनाही चीर पाडून पत्र्याची पट्टी झाळावी आणि ती सीटखालच्या नळ्यांना क्लॅम्पने धरावी.

गार झाल्यावर सांध्यांवर टाकणखाराची काच राहते. ती तशीच ठेवली तर ओल धरून रंगाखाली गंज आणते. सांगाडा तासभर गरम पाण्यात भिजवावा किंवा उकळत्या पाण्याच्या कापडाने शेकावा, मग तारेच्या ब्रशने घासावा. कपच्या काचेसारख्याच बोचतात, म्हणून चष्मा काढू नये. काच निघाल्यावर प्रत्येक सांधा फिरवून पाहावा. पितळाची कड अखंड असावी आणि तिचा नळीशी मिळणारा काठ पातळ होत गेलेला असावा. काठ थेंबासारखा फुगलेला दिसला तर पुन्हा लेप लावून तापवावे. झाळकामाची ही सोय मोठी आहे की चुकलेला सांधा पुन्हा वितळवून नीट करता येतो. तांबूस, खडबडीत दिसणारे पितळ म्हणजे जस्त उडून गेलेले पितळ. ते कानशीने काढून नवे घालावे.

रंगापूर्वी ओझ्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे चीर दिसली तर लपत नाही. १५ लिटरच्या दोन कॅनचे मिळून ३० किलो होतात. मी त्याच्या दीडपट, म्हणजे ४५ किलो वाळूची पोती दोन्ही बाजूंना अडकवून रात्रभर ठेवली, सायकल दहा-बारा वेळा हाताने उचलून आपटली आणि मग भिंगाने पत्र्याजवळचे सांधे पाहिले. त्यानंतर रेड ऑक्साइडचा एक हात आणि एनॅमलचे दोन हात दिले. चौकटीची पुढची उघडी टोके रबरी बुचाने बंद केली, पायांची तळची भोके मात्र उघडीच ठेवली.

बसवताना आसाच्या नटाखाली वायसर घालावा आणि क्लॅम्पना आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट वापरावेत. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत, कारण पत्र्याखालचा रंग दबून जागा देतो. कॅन पृष्ठावर उभे न ठेवता दोन्ही बाजूंना खाली टांगावेत, काठोकाठ भरावेत आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने पायांना आवळावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी वळणावर डचमळते आणि सायकलला ओढते. पावसाळा संपला की एकदा मागचे चाक काढून पत्र्यांमागची माती खरवडावी आणि त्याच वेळी तळचे चारही सांधे पाहून घ्यावेत.